रविवारचं रक्त कोणी आणलं

अन्याय झाला तो आमच्या प्रयोगशाळेतल्या चाचांवर. कधी, तेही सांगते. गेल्या जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, फ्रीजच्या खोलीच्या दारात. तिथं आम्ही तिघं होतो. माझ्या पीएचडीचे मार्गदर्शक सर, चाचा आणि मी. तिघांपैकी दोघांना खरं काय ते ठाऊक होतं. बोलला एकच. ती मी नव्हे.

चाचांचं नाव मी लिहिणार नाही. मी घाबरते म्हणून नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. का, ते पुढं येईल.

चाचा कंत्राटी मदतनीस. सोळा वर्षं त्याच प्रयोगशाळेत, दर वर्षी एप्रिलमध्ये नव्यानं करार. कागदावर त्यांचं काम काचसामान धुणं आणि खोली साफ ठेवणं. सोमवार ते शनिवार. रविवारी सुट्टी. हे नीट लक्षात ठेवा: रविवारी सुट्टी. कारण ह्या माणसाचं खरं काम रविवारीच असायचं.

आम्ही पेशीच्या पटलावर काम करतो. पेशीला जे आवरण असतं ते. ते म्हणजे पिशवी नव्हे, मेणकापड नव्हे. स्निग्ध रेणूंचे दोन थर एकमेकांना पाठ लावून उभे असतात आणि त्या थरांत प्रथिनं रुतलेली असतात. कोणी आरपार, कोणी अर्धं. पेशीत काय शिरायचं आणि काय बाहेर जायचं ते ही प्रथिनं ठरवतात. आपण घेतो त्यातली कितीतरी औषधं शेवटी असल्याच एखाद्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. पण त्यांचा अभ्यास करायचा तर ती बाहेर काढावी लागतात आणि बाहेर काढली की ती बिघडतात. त्यांचा मधला भाग तेलात राहायला घडलेला असतो, नुसत्या पाण्यात आला की ती गोळा होऊन बसतात. म्हणून आम्ही साबणाच्या जातीचं रसायन वापरतो. ते पटल सोडवतं आणि प्रथिनाच्या कमरेला तेलाच्या जागी आपलं वेटोळं घालतं. साबण कमी पडला तर प्रथिन हलत नाही. जास्त झाला किंवा जहाल निघाला तर त्याचा आकारच मोडतो.

पहिल्या वर्षी मी हे चाचांना फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. त्यांनी बाटल्या पुसत पुसत ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे म्हस पाण्यात बसलीया. व्हय का न्हाय?”

“तसंच काहीसं.”

“मग वडून न्हाय निघायची. शिंग मोडंल. चुचकारून काढाय लागतीया.”

मी पीएचडीच्या पहिल्या चर्चासत्रात हेच उदाहरण दिलं. सगळे हसले, सरांनी शाबासकी दिली. उदाहरण कुणाचं ते मी सांगितलं नाही. तेव्हा ते मला चुकल्यासारखं वाटलंही नव्हतं.

पटल मिळवायचं सगळ्यात सोपं ठिकाण म्हणजे तांबडी रक्तपेशी. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आत बाकी काही भानगड नसते. पेशी फोडली, आतलं तांबडं धुऊन टाकलं की उरतं ते निखळ पटल. आम्ही बकऱ्याच्या रक्ताची पेशी वापरायचो, कारण ते रक्त कोल्हापुरात मिळतं. आणि मिळतं रविवारी. रविवारी पहाटे शहरातल्या सगळ्या मटणाच्या दुकानांत एकच धांदल असते, रक्त ताजं असतं. सोमवारी त्याच दुकानात गेलात तर फळ्या लावलेल्या असतात. परदेशातल्या प्रयोगशाळा आपलं वेळापत्रक कशावर बेततात मला माहीत नाही. आमचं तांबड्या रश्श्यावर बेतलेलं होतं.

तर दर रविवारी सकाळी सहा वाजता चाचा स्टीलचा डबा घेऊन दुकानासमोर उभे राहायचे. डब्यात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेटचं द्रावण, डबा बर्फाच्या बादलीत. सोळा वर्षांतल्या त्या रविवारांचा एक पैसा त्यांना कुणी दिला नाही, की हजेरी लावली नाही. ‘तासाभराचं तर काम आहे,’ असं म्हणायची पद्धत होती. मीही म्हटलंय.

आणि हे तासाभराचं काम नव्हतं. नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढलेल्या नळीच्या तळाशी पटलाचा थर बसतो. तो आधी तांबूस असतो, धूत गेलं की गुलाबी होतो, शेवटी दुधासारखा पांढरा. किती वेळा धुवायचं ते पुस्तकात लिहिलंय, पण पुस्तक माणसाच्या रक्ताचं. चाचा नळी उजेडाकडं धरून बघायचे आणि म्हणायचे, “अजून दोन पाणी लागंल.” धुण्याला म्हणतात तसं. मी कितीदा तरी एका पाण्यात थांबून बघितलं. दोनच लागायची.

आता तो शनिवार. चाचांच्या मेव्हण्याच्या मुलाचं लग्न गडहिंग्लजला होतं. ते मला म्हणाले, “उद्या तू जाशील न्हवं?” म्हटलं, जाईन की. ते दाराशी उभं राहून सांगत होते, डबा दुकानदाराच्या हातात देऊ नको, आपल्याच हातात धर, तोंडावर तळवा ठेव, रक्त आलं की काढ, परत ठेव. मी त्यांना तसं करताना एक-दोनदा पाहिलं होतं आणि माशा बसू नयेत म्हणून करत असतील असं समजले होते. विचारलं नाही. त्या वेळी माझ्यासमोर पत्रकाचा मसुदा होता. मी विद्यार्थी संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते, वाटते. ते पत्रक कंत्राटी कामगारांच्या पगाराबद्दल होतं. मी मान हलवली आणि दुसऱ्या परिच्छेदातली एक ओळ खोडली.

रविवारी सव्वासहाला दुकानात पोचले. गर्दी होती. डबा दुकानदाराकडं दिला. तेवढ्यात छापखान्यातून फोन आला, पत्रकाची पानं उलटी लागली होती. मी पाठ वळवून बोलत होते, दोन मिनिटं, फार तर तीन. वळले तर दुकानदार झाकण दाबत होता.

“घ्या ताई. तांब्याभर पाणी घातलंय, रक्ती मऊ हुत्या बघा.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: रक्ती म्हणजे गोठवून, शिजवून केलेला रक्ताचा पदार्थ. इथं आवडीनं खातात. घरी न्यायला कोणी भांडं घेऊन आलं की जुना दुकानदार न विचारता थोडं पाणी घालतो, म्हणजे ती दगडासारखी होत नाही. हा त्याचा चांगुलपणा. तळव्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. ह्या हातासाठी होता तो. चाचा सोळा वर्षं ह्या चांगुलपणाच्या आडवा हात धरत होते.

पाणी म्हणजे काय होतं? तांबडी पेशी तिच्या आत आहे तेवढ्याच खारट पाण्यात सुखी असते. बाहेरचं पाणी अळणी झालं की ते आत घुसतं, पेशी फुगते आणि फुटते. बकऱ्याची पेशी इवलीशी, माणसाच्या पेशीपेक्षा लवकर फुटते. तुम्ही म्हणाल, फोडायचीच होती ना? होय, पण आम्ही फोडतो ती तांबड्या पेशी वेगळ्या करून, पांढऱ्या पेशी काढून टाकून. इथं सगळं एकदमच फुटलं. पांढऱ्या पेशींच्या पोटात प्रथिनं कापणारी रसायनं असतात. ती मोकळी सुटली आणि आमच्या प्रथिनाला कापत बसली.

हे मला दुकानाच्या पायरीवरच कळलं होतं. पेशीपटलावर चार वर्षं काढलेल्या मुलीला ते कळणार नाही तर कुणाला? पण दुसऱ्या डब्यापुरतं सायट्रेट माझ्याकडं नव्हतं. ते करायला प्रयोगशाळेत जा, परत या, तोवर ताजं रक्त संपलं असतं. आणि मंगळवारी नमुना पुण्याला जायचा होता. तिथल्या एका संस्थेत अतिथंड सूक्ष्मदर्शक आहे. नमुना क्षणात गोठवतात, पाण्याचा बर्फाचा स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, आणि त्या काचेसारख्या थरात अडकलेल्या प्रथिनाच्या हजारो पुसट छायाचित्रांतून त्याचा आकार जुळवतात. त्या यंत्राची वेळ आम्हाला आठ महिने थांबून मिळाली होती.

म्हणून मी स्वतःला सांगितलं, बघू. नळ्या फिरवल्या. एरवी वर पिवळसर पाणी सुटतं आणि तळाशी गडद थर. त्या दिवशी वरपासून खालपर्यंत कोकम सरबत. तरी पुढं गेले. प्रथिनं कापली जाऊ नयेत म्हणून घालतात ते औषध दुप्पट घातलं. धुतलं, साबण घातला, संध्याकाळी जेलवर चढवलं. जेल म्हणजे पारदर्शक चकतीसारखी एक वडी असते, तिच्यातून विजेच्या जोरावर प्रथिनं पळवतात. मोठी मागं राहतात, लहान पुढं जातात. नीट नमुना असेल तर ठसठशीत पट्टा दिसतो. मग नोंदवही लिहिली.

ही नोंदवही महत्त्वाची. तारीख, प्राणी, किती मिली, किती वाजता आणि शेवटचा रकाना ‘आणणारा’. त्या रकान्यात पानाच्या माथ्यावर एकदा चाचांचं नाव असतं आणि खाली सगळीकडं दोन-दोन छोट्या रेघा. वरीलप्रमाणे. सोळा वर्षांच्या नोंदवह्या आहेत, प्रत्येक पानावर एकदाच नाव आणि खाली रेघा. मीही त्या रविवारी दोन रेघा ओढल्या. खोटं लिहायचं म्हणून नाही. हाताला सवय होती.

सोमवारी सरांनी जेल पाहिलं. पट्टा नव्हताच. वरून खालपर्यंत नुसता ओघळ. मग त्यांनी फ्रीजमधून रविवारची नळी काढली, लाल पाणी बघितलं आणि चाचांना हाक मारली.

“काल रक्त कुणी आणलं?”

“मी न्हवतो सर काल. लगीन हुतं गडहिंग्लजला.”

सरांनी नोंदवही त्यांच्याकडं फिरवली आणि त्या दोन रेघांवर बोट ठेवलं. “मग हे काय आहे?”

“ते दिसतंय की मला. पर मी न्हवतो.”

“रजेचा अर्ज दिलावता?”

“रविवारचा कसला अर्ज, सर?”

“ह्यात पाणी आहे. डबा भरलेला दिसावा म्हणून घातलंत काय? दुधात घालतात तसं?”

 चाचांनी एकदा माझ्याकडं बघितलं. आरोप करायचा म्हणून नव्हे, आता तू बोलशील, असं. मी जेलकडं बघत होते. ओघळाची लांबी मोजत असल्यासारखं.  सर म्हणाले, “ठीक आहे,” आणि निघून गेले.

बुधवारी कार्यालयातून मेमो आला. ‘आपल्या निष्काळजीपणामुळे नमुन्यात पाणी मिसळले जाऊन संस्थेचे नुकसान झाले.’ सात दिवसांत खुलासा.

आता हा कागद जरा उलटासुलटा करून बघा. ज्या माणसाला रविवारी सुट्टी आहे, ज्याला रविवारचा पगार नाही, ज्याची रविवारची हजेरी नाही, त्याला रविवारच्या कामातल्या निष्काळजीपणाचा मेमो. पगार द्यायचा म्हटलं की रविवारी तो कामावर नसतो. ठपका ठेवायचा म्हटलं की असतो. मी एवढी पत्रकं लिहिली, पण इतकी उघडी लबाडी मला कधी रचूनही सुचली नसती. आणि त्या लबाडीला पुरावा म्हणून जोडलेल्या दोन रेघा माझ्या हातच्या होत्या.

त्याच दुपारी चाचांना गाठलं. गेटाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर.

“तू बोलली न्हाईस,” ते म्हणाले.

“न्हाई.”

“का?”

“पुण्याची वेळ जाईल म्हणून.”

“गेलीच की ती.” त्यांनी बशीत चहा ओतला. “जेल खराब झालं तवाच गेली. मग कशाला गप बसलीस?”

 म्हटलं, “मी लिहून देते, चाचा. आजच.”

“नको. तुझी पीएचडी आडकंल. दोघांचं जाण्यापरास एकाचं गेल्यालं बरं.”

“असं कसं? मी कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं...”

“वाचलं की तुझं पत्रक. गेटवर वाटत हुतीस न्हवं. त्यात मी हाय काय?”

“तुम्ही सगळेच आहात.”

“आसं व्हय,” चाचा म्हणाले आणि चहावाल्याकडं वळून हसले. “ऐकलास काय रं, आपुन सगळीच हाय म्हणं. ह्या चहाचं पैसं तूच दे मग.”

चहावालाही हसला. मी हसू शकले नाही.

गुरुवारी लिहून दिलं. ‘रविवारचं रक्त मी आणलं. पाणी दुकानात पडलं, तेव्हा मी फोनवर बोलत होते. नमुना बिघडल्याचं मला त्याच वेळी कळलं होतं. नोंदवहीतल्या रेघा माझ्या आहेत. चाचा त्या दिवशी गावात नव्हते.’ खाली सही. दोन प्रती. संघटनेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात की कागद नुसता देऊन यायचा नाही, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. तो घेतला.

सरांनी वाचलं. ते दुष्ट माणूस नाहीत. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी स्वतःच्या गाडीतून मला वारणानगरला घरी सोडलंय. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “ह्याचा आता काय उपयोग? तुझी शिष्यवृत्ती ह्या महिन्यात पुढं जायची आहे. तू हे मागं घे. त्यांच्या मेमोचं मी बघतो.”

“मागं घेणार नाही.”

“मग माझ्यापर्यंत ठेवतो.”

“आवक झालीय, सर.”

त्यांनी चष्मा परत घातला. मी त्यानंतर एप्रिलपर्यंत काही केलं नाही. कागद दिला, शिक्का मिळाला, आता यंत्रणा तिचं काम करेल असं धरून चालले. हीही चूक लिहून ठेवते, कारण ती मी, पत्रकं लिहिणारीनं केली. दुसऱ्याच्या कागदामागं मी रोज फेऱ्या मारायला सांगते.

एप्रिलमध्ये कंत्राटदाराची यादी लागली. चाचांचं नाव नव्हतं. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, वरनं आलंय. कार्यालयातला कारकून म्हणाला, फाईल तुमचं पत्र येण्याआधीच वर गेली होती. मी माहितीच्या अधिकारात फाईल मागितली. आली. मेमो होता. चाचांचा दोन ओळींचा खुलासा होता, ‘मी त्या दिवशी लग्नाला गेलो होतो.’ त्याखाली लाल शाईत, ‘पुरावा नाही.’ नोंदवहीच्या पानाची छायाप्रत होती, रेघांभोवती पेननं गोल केलेला. माझं पत्र नव्हतं. मेमो बुधवारचा, माझं पत्र गुरुवारचं, त्यांना काढायचं ठरवणाऱ्या समितीची बैठक मार्चची. आधी काय आणि नंतर काय, ते तुम्हीच बघा.

आणि मला? मला आजवर कुणी साधा जाब विचारला नाही. शिष्यवृत्ती आली. पुण्याची वेळ जूनमध्ये परत मिळाली. रविवारी आता मी जाते, डबा हातात धरते, तोंडावर तळवा ठेवते. दुकानदार विचारतो, “चाचा न्हाईत?” नमुना चांगला निघाला. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर राखाडी ठिपके दिसले, तांदळाच्या कण्या सांडल्यासारखे. एकेक कणी म्हणजे एकेक प्रथिन. सर माझ्या खांद्यावर थोपटत होते.

चाचा शिरोलीला एका फौंड्रीत लागलेत. वाळूचे साचे हलवायचं काम. पंचावन्न वर्षांचा माणूस. मी भेटायला गेले तेव्हा जेवणाची सुट्टी होती, कोपरापर्यंत काळे हात. म्हटलं, मी हे सगळं लिहिणार आहे. म्हणाले, “लिही. माझं नाव घालू नको. हितंबी करारच हाय. भांडखोर म्हणून बोभाटा झाला तर हितनंबी जाईन.” मग डबा उघडत म्हणाले, “पांढरं झालं काय गं शेवटी?”

“झालं.”

“किती पाण्यात?”

“दोन.”

ते जेवायला लागले.

मी वरच्या कार्यालयाकडं अपील केलंय. सोबत माझ्या पत्राची शिक्क्याची प्रत आहे, लग्नाचा फोटो आहे, फोटोत चाचा आहेत. सुनावणीची वाट बघतेय. अपिलात माझी मागणी एकच आहे, त्यांना कामावर परत घ्या, आणि रविवार धरून घ्या.

तुमच्याकडं मागणी वेगळी आहे. तुम्ही कुठल्यातरी कार्यालयात, कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात काम करता. तुमच्या चुकीचा ठपका तुमच्यापेक्षा खालच्या माणसावर बसला आणि तुम्ही दुसरीकडं बघत राहिलात, असं कधीतरी झालंय. मला कारणं सांगू नका, ती सगळी मी स्वतःला सांगून झालीत. कागद घ्या. काय झालं, कोणी केलं, कधी केलं, ते लिहा. खाली स्वतःचं नाव घाला, सही करा, आणि त्या माणसाची फाईल वर जायच्या आत नेऊन द्या. मी एक दिवस उशीर केला. तुम्ही आज द्या.